परक्या कैद्याचा सत्कार

चीनमधल्या एका लेखकाला शांततेचा तो मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा तो लेखक तुरुंगात होता आणि माझा नवराही तुरुंगात होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मी तो लावलाही नसता. आमच्या वाचनालयानं मला तो लावायला लावला.

बातमी मला सासूबाईंमुळे कळली. ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. मी तुर्भ्याहून नुकतीच घरी आले होते. तिथे मसाल्याच्या पॅकिंग युनिटमध्ये मी सुपरवायझर होते, आणि घरी आल्यावर आधी केस धुवावेच लागत, नाहीतर मिरचीच्या भुकटीनं मुलीला शिंकांवर शिंका यायच्या. मोरीतच होते, तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली.

"अगं, भाईर ये. जेलातल्या मानसाला बक्षीस दिलंय म्हनं. बघ की."

ओल्या केसांनी मी टीव्हीसमोर उभी राहिले. त्या लेखकानं आपल्या देशात लोकशाही हवी म्हणून एक पत्रक तयार केलं होतं, त्याखाली लोकांच्या सह्या घेतल्या होत्या, आणि त्याबद्दल त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली होती. बायकोला घरातच कोंडून ठेवल्याचं सांगत होते. तिचा फोटो दाखवला. केस बारीक कापलेले, मोठा चष्मा. मी त्याच्यापेक्षा तिच्याचकडे बघत राहिले.

"आपल्या त्याला बी देतील का गं?" सासूबाईंनी विचारलं. चेष्टा करत नव्हत्या. त्यांना खरंच वाटलं होतं की जेलातल्या चांगल्या माणसांसाठी अशी काही सोय निघाली असावी.

"नाही आई. तो मोठा माणूस आहे."

"आनि आपला?"

मी टीव्ही बंद केला.

आपला महाप्याच्या एका कंपनीत ऑपरेटर होता. पंपांचे सुटे भाग बनायचे तिथे. तो कायम कामगार होता, त्याला कशाचीच ददात नव्हती. पण त्याच्याच शेजारच्या मशीनवर सात-सात, आठ-आठ वर्षं कंत्राटी म्हणून राबणारी माणसं होती. दर काही महिन्यांनी त्यांना कागदावर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी कागदावर परत घ्यायचे. ते याला बघवेना. त्यानं स्वतःच्या हातानं एक पानी पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि गेटसमोरच्या बसस्टॉपवर उभं राहून वाटल्या. पत्रकात शेवटी एक ओळ होती, 'आता गप्प बसायचं नाही.' माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं होतं. मी म्हटलं होतं, ओळ छान आहे, शेवटीच राहू दे.

पंधरा दिवसांनी एका सकाळी त्या गेटवर राडा झाला. दगड आले, सिक्युरिटीच्या साहेबाचं डोकं फुटलं. त्या वेळी मी आणि माझा नवरा मुलीच्या शाळेत पालकसभेला बाकावर बसलो होतो. चौथीच्या वर्गातलं ते बाक इतकं बुटकं होतं की त्याचे गुडघे हनुवटीला टेकत होते आणि मुलगी मागे वळून हसत होती. शाळेच्या रजिस्टरात आम्हा दोघांच्या सह्या आहेत, वेळेसकट.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला घरातून नेलं. चिथावणी दिली, कट केला, आणि काय काय. ते पत्रक हाच पुरावा. त्या शेवटच्या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारलेली मी स्वतः पाहिली. मी पोलीस ठाण्यातल्या साहेबांना रजिस्टरचं सांगितलं, तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, कट करायला हजर असावं लागत नाही." हे वाक्य मी पुढे कित्येक महिने भाकरी थापताना, पाकिटांचं वजन तपासताना, बसमध्ये उभ्या-उभ्या मनात म्हणत राहिले. त्याच्यावर बोलायला काहीतरी सणसणीत सापडेल म्हणून. सापडलं नाही.

आता वाचनालयाचं सांगते. कोपरखैरण्यात आमच्या सेक्टरात रेशन दुकानाच्या वर एक छोटं वाचनालय आहे. सासरे माथाडीत होते, त्यांना इथं घर मिळालं तेव्हापासून आमचा त्या वाचनालयाशी संबंध. नवरा कमिटीवर होता. दर रविवारी सकाळी जाऊन फाटलेल्या पुस्तकांना बाइंडिंग करायचा. मी बाहेरच्या फळ्यावर लिहायचे, नवी पुस्तकं कोणती आली, व्याख्यान कधी आहे. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी सांगत नाही, लोक सांगतात.

त्याला नेल्यावर पहिल्या आठवड्यात वाचनालयातले सगळे घरी येऊन गेले. दुसऱ्या आठवड्यात दोघे आले. तिसऱ्या आठवड्यात मी भाजी घेताना कमिटीतल्या एकाची बायको समोरून येत होती, ती मला बघून कोथिंबिरीच्या गाडीमागे गेली. कोथिंबीर घेतलीच नाही तिनं. नुसती मागे उभी राहिली.

आमच्या वकीलबाई म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांना वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या, बऱ्या घरच्या लोकांच्या सह्यांचं एक निवेदन करा. हा माणूस मारामारी करणाऱ्यातला नाही, नीट चौकशी व्हावी, एवढंच. जामिनाच्या वेळी कोर्टापुढे ठेवू. मी निवेदन लिहिलं. सगळ्यात आधी वाचनालयाच्या कार्यवाहांकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेले, स्वच्छ कपड्यातले, मृदू बोलणारे गृहस्थ. माझ्या नवऱ्याला 'आमचा उजवा हात' म्हणायचे. त्यांनी चष्मा लावून निवेदन दोनदा वाचलं.

"वहिनी, मनानं आम्ही सगळे तुमच्याबरोबरच आहोत."

"मग हातानं पण या ना," मी म्हटलं. "एक सही."

"संस्था नोंदणीकृत आहे. राजकीय गोष्टीत पडता येत नाही हो आपल्याला."

"मी संस्थेची सही मागत नाही. तुमची मागतेय."

"लोक दोन्हीत फरक करत नाहीत," असं म्हणून त्यांनी कागद दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. चहा मात्र आग्रहानं पाजला.

त्या कागदावर शेवटी नऊ सह्या झाल्या. त्यातल्या सहा त्याच्याच कंपनीतल्या कंत्राटी पोरांच्या घरच्यांच्या. वकीलबाई म्हणाल्या, ह्या नऊ चालतील, पण फार उपयोग नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी कार्यवाह आमच्या घरी आले. पाच महिन्यांनी पहिल्यांदा. हातात लाडवांचा डबा होता. मला वाटलं, सही करायला आले. खरं सांगते, मी पटकन कपाटातून निवेदन काढून टेबलावर ठेवलंसुद्धा.

ते म्हणाले, "वहिनी, आपण एक कार्यक्रम करतोय. त्या चिनी लेखकाच्या सन्मानार्थ. पुरस्काराचा समारंभ झाला की लगेचच्या रविवारी. आपल्या भागात असं कुणीच केलेलं नाही. मंचावर त्याच्या नावानं एक खुर्ची रिकामी ठेवणार आहोत. फळा तुम्हीच लिहायचा. तुमच्यासारखं अक्षर कुणाचं नाही."

मी विचारलं, "आणि ह्यांच्याबद्दल?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याच कमिटीवरचा माणूस सहा महिने आत आहे. एका पत्रकापायी. त्याच्याबद्दल दोन शब्द?"

ते अवघडले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "तो विषय वेगळा आहे, वहिनी. तिकडे हुकूमशाही आहे. आपल्याकडे कायदा आहे, कोर्ट आहे. वेळ लागतो, पण न्याय मिळतो. दोन्ही एकत्र केलं तर कार्यक्रमाला राजकीय रंग येईल."

माझ्या मुलीनं त्यांच्यापुढे त्यांच्याच डब्यातला लाडू बशीत घालून धरला. त्यांनी तो खाल्ला. निवेदन टेबलावरच होतं. बशी ठेवायला जागा करताना त्यांनी ते जरासं बाजूला केलं.

मी फळा लिहिणार नव्हते. शनिवारी तुरुंगात मुलाखतीला गेले तेव्हा नवऱ्याला हे सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडून सांगितलं, कारण मध्ये जाळी आणि एका वेळी आठ-दहा कुटुंबं बोलत असायची. सगळं ऐकून तो काय म्हणाला? तो हसला. त्याचा चेहरा उजळला.

"खरंच कार्यक्रम करतायत? त्याच्यावर? वा! तू जा. फळा तूच लिही, नीट मोठ्या अक्षरात. आणि तो कोर्टात काय बोलला ते वाचतील ना, ते लक्षात ठेवून मला सांग."

मी त्याला चारचौघांत अहो-जाहो करते. त्या दिवशी केलं नाही.

"तुला काही वाटत नाही का रे? पोरीला आठ दिवस ताप होता, ते तू विचारलं नाहीस. चीनमधल्या माणसाचं विचारतोस?"

तो मग म्हणाला, "ताप उतरला का?" इतक्या पडलेल्या आवाजात म्हणाला की पुढचे शब्द मला ऐकूच आले नाहीत. वेळ संपली. बाहेर येऊन मी रिक्षा स्टँडवर उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मी ज्याच्यावर ओरडायला पाहिजे होतं त्याला चहा पाजून पाठवलं, आणि ज्याला आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं माझं तोंड दिसतं त्याच्यावर ओरडून आले.

फळा मी लिहिला. मोठ्या अक्षरात, दोन रंगांच्या खडूंनी. त्यानं सांगितलं होतं म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी वाचनालयाच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. मंडपवाल्याकडून लाल मखमलीची खुर्ची आणली होती. पुरस्काराच्या समारंभातही रिकामी खुर्ची ठेवली होती, तो फोटो सगळ्या पेपरांत आला होता. पण आमच्याकडे कुणाला तरी उत्साह आला आणि त्या खुर्चीला झेंडूचा हार घातला गेला. खालून रेशन घेऊन जाणारी एक बाई जिन्यात डोकावली आणि मला विचारू लागली, "कोन गेलं हो?"

व्याख्यान एका निवृत्त प्राध्यापकांचं होतं, तेच वाचनालयाचे अध्यक्ष. बोलले चांगलं. विचार करणाऱ्या माणसाला कोंडता येतं, विचाराला नाही, वगैरे. मग त्या लेखकानं कोर्टात केलेल्या निवेदनाचा मराठी अनुवाद वाचला. त्यात त्यानं म्हटलं होतं की त्याला पकडणाऱ्यांबद्दल, त्याच्यावर खटला चालवणाऱ्यांबद्दलही त्याच्या मनात द्वेष नाही.  माझ्या पुढच्या बाईनं डोळ्यांना पदर लावला. तीच ती, कोथिंबिरीच्या गाडीमागची.

त्याच्या मनात द्वेष नसेल. माझ्या मनात होता. मी तिथे बसून एकेकाचं डोकं मागून बघत होते आणि कुणी कुणी काय कारण सांगून मला परत पाठवलं होतं ते आठवत होते. आणि मला वाटलं, त्याच्या बायकोला कुणी विचारलं का, बाई, तुझ्या मनात काय आहे?

भाषण संपल्यावर कार्यवाह म्हणाले, कुणाला काही प्रश्न? मी उभी राहिले. 

"वहिनी, आपण नंतर बोलू," ते लगेच म्हणाले.

पण अध्यक्ष म्हणाले, "बोलू द्या त्यांना." आत्ताच तासभर बोलण्याच्या स्वातंत्र्यावर बोलले होते, दुसरं काय म्हणणार?

मी म्हटलं, "मला भाषण येत नाही. सरांनी सांगितलं, हा माणूस एका कागदावर सह्या घेत होता म्हणून आत गेला. माझ्याकडे पण एक कागद आहे. माझ्या माणसाला तुम्ही सगळे ओळखता. तुमच्या हातात जी पुस्तकं असतात त्यांची पाठ त्यानं चिकटवलेली असते. त्यानं दगड मारला असेल असं ज्याला वाटतं त्यानं सही करू नका. बाकीच्यांनी करा."

कागद आणि पेन मी पहिल्या रांगेत दिलं आणि खाली बसले.

तो कागद कसा फिरला ते मी कधी विसरणार नाही. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी वाचल्यासारखं केलं आणि शेजारी दिला. शेजाऱ्यानं चष्मा आणला नव्हता. एकजण म्हणाले, आधी घरी नीट वाचतो. एक उठून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. पदर लावणाऱ्या बाईनं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं छताकडे बघितलं, कागद पुढे गेला. कुणी काही वाईट बोललं नाही. कुणी 'नाही' असंसुद्धा म्हटलं नाही. कागद चार रांगा फिरून एकाही नव्या सहीशिवाय माझ्याकडे आला, कोपरे मात्र दुमडले होते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "इकडं आन तो."

आमच्या ग्रंथपालबाई. कोपरखैरणे गावातल्या, आगरी, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. नऊ वर्षं त्या वाचनालयात पगारी कामाला होत्या, तिथल्या एकट्याच पगारी. त्या चहाच्या किटलीपाशी उभ्या होत्या. आतापर्यंत मी त्यांच्याकडे गेलेच नव्हते. का नाही गेले? बऱ्या घरच्या लोकांच्या सह्या पाहिजेत असं वकीलबाईंनी सांगितलं होतं, आणि माझ्या डोक्यात बरं घर म्हणजे कार्यवाह, प्राध्यापक, बँकवाले. हे लिहिताना मला लाज वाटते.

त्यांनी कागद पुस्तकं देण्याच्या टेबलावर ठेवला, हात पदराला पुसले आणि सावकाश सही केली. खाली पूर्ण नाव, गावातला पत्ता, आणि हुद्दा लिहिला, ग्रंथपाल. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी वलखतंय त्याला. नव वरसं रविवारी माज्या म्होरं बसून पुस्तका शिवतंय तो."

त्यानंतर अध्यक्ष व्यासपीठावरून खाली आले आणि त्यांनीही सही केली. कुणाला वाचता येणार नाही अशी, पत्ता न लिहिता. पण केली. मग आभार झाले. आभारात चीनच्या जनतेचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले.

जानेवारीत कमिटीनं ग्रंथपालबाईंना बोलावलं. राजकीय कागदावर संस्थेचा हुद्दा वापरला, हा त्यांचा गुन्हा. माफीचं पत्र लिहून द्या म्हणाले. त्यांनी दिलं नाही. मार्चअखेर त्यांना सांगितलं की वर्गणीदार कमी झालेत, एप्रिलपासून पगारी माणूस ठेवणं जमणार नाही. मेमध्ये दुसरी मुलगी ठेवली.

मला हे कळलं त्या दिवशी मी कामावरून तशीच त्यांच्या घरी गेले. खाडीकडच्या बाजूला, जुन्या गावात त्यांचं घर. त्या ओट्यावर सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. मी रडायलाच लागले. म्हटलं, माझ्यामुळे झालं, मी तो कागद तिथे काढायलाच नको होता.

त्या माझ्यावर भडकल्या.

"तुज्यामुलं? तुज्यासाटी नाय केली मी सही. तो चीनवाल्याचा भाषन टाईप कोनी केला? मीनंच केला ना. पाच पाना. टाईप करताना येक येक शबूद वाचला मी. बाकीच्यांनी नुसता आयकला. येवरा टाईप करून सही नाय केली असती, तर मंग मी काय नुसती मशीन हाय?"

मग जरा वेळानं, बोंबलाची डोकी मोडत, म्हणाल्या, "माजा बापूस जमिनीच्या मोर्च्यात आत गेलेला. आय अशीच दारोदार फिरली व्हती. मी तिचा पदर धरून. मना म्हायती हाय दार कसा लागतं."

जामिनाचं सांगायचं तर तो एप्रिलमध्ये झाला. शाळेचं ते रजिस्टर शेवटी कोर्टानं मागवलं. अकरा सह्यांचं निवेदनही वकीलबाईंनी लावलं होतं, पण जामिनाच्या आदेशात त्याच्याबद्दल एक शब्द नव्हता. मी तो आदेश तीन वेळा वाचला. एक शब्द नव्हता. म्हणजे ग्रंथपालबाईंची नोकरी ज्या कागदावर गेली, तो कुणी बहुतेक वाचलाही नव्हता.

नवरा घरी आला. बारीक झाला होता, केस पांढरे. पहिल्या रविवारी झोपून राहिला. दुसऱ्या रविवारी सकाळी अंघोळ करून, सुई-दोरा आणि खळीचा डबा पिशवीत घालून निघाला.

"कुठे?"

"वाचनालयात. वर्षभराचं काम साठलं असेल."

मी हातातलं लाटणं ओट्यावर इतकं जोरात आपटलं की सासूबाई उठून बसल्या.

"त्यांनी तिला काढलंय. तुझ्यासाठी सही केली म्हणून काढलंय. आणि तू त्यांची पुस्तकं शिवायला चाललास?"

"मला माहीत आहे. मी कमिटीत बोलणार आहे. बाहेर बसून कसं बोलणार?"

"तुला राग येत नाही का?"

तो दारात उभा राहिला. म्हणाला, "आत असताना फार यायचा. मग झोप यायची नाही. आता येत नाही, त्याला मी काय करू?"

त्यानं कमिटीला पत्र दिलं, ग्रंथपालबाईंना परत घ्या म्हणून. इतिवृत्तात नोंद झाली. पुढे काही झालं नाही. ग्रंथपालबाईंना दुसरीकडे काम मिळेना, तेव्हा मीच त्यांना तुर्भ्याला आमच्या युनिटमध्ये लावून घेतलं. मी दुसरं काय करू शकत होते? चौदा महिने ती बाई तोंडाला रुमाल बांधून हळद-मिरचीची पाकिटं सील करत होती आणि मी सुपरवायझर म्हणून तिची पाकिटं मोजत होते. जेवणाच्या सुट्टीत, मसाल्याचे नमुने ज्यांत गुंडाळून येत ते पेपरचे जुने तुकडे ती वाचायची. पुढे खारघरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत तिला जागा मिळाली तेव्हा मला जितका आनंद झाला तितका नवऱ्याचा निकाल लागला तेव्हाही झाला नाही.

निकाल लागला तो पाच वर्षांनी. निर्दोष. तोपर्यंत कंपनी गुजरातला गेली होती. नोकरी परत कुठून मिळणार? आता त्याचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं छोटं दुकान आहे.

आणि मग निकालानंतर दोन वर्षांनी, जुलैमध्ये, तो चिनी लेखक वारला. आजारी होता, शेवटपर्यंत पहाऱ्यात होता, सुटका झालीच नाही. बातमी आली तेव्हा माझा नवरा दुकान बंद करून घरी आला आणि कॉटवर नुसता बसून राहिला. त्याला मी वडिलांच्या वेळीही असं पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कार्यवाह आले. म्हातारे झाले होते, हातात काठी. वाचनालयात शोकसभा ठेवली होती आणि त्यांना माझा नवरा प्रमुख वक्ता म्हणून हवा होता.

"तुमच्याएवढ्या अधिकारानं दुसरं कोण बोलणार?" ते म्हणाले. "तुम्ही स्वतः भोगलंय."

मी आतून बाहेर आले. इतकी वर्षं साठलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. म्हटलं, "काका, तेव्हा हा विषय वेगळा होता ना? आता कधी एक झाला?"

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "वहिनी, तेव्हा आम्ही घाबरलो होतो."

सात वर्षांनी हे वाक्य. मला वाटलं होतं असं काही कुणी बोललं तर माझा राग निवळेल. उलट तो वाढला. कारण मग तेव्हाच सांगायचं ना, घाबरलो म्हणून! मी पण घाबरलेच होते. घाबरलेल्या माणसाला घाबरलेला माणूस समजतो. त्याऐवजी मला नोंदणीकृत संस्था ऐकवली, कायदा ऐकवला, हुकूमशाही कुठे असते ते ऐकवलं.

ते गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "तू जाणार नाहीस."

"जाणार."

"मग तिचं नाव घेशील. सगळ्यांसमोर. जिला काढलं तिचं."

तो म्हणाला, "घेईन."

मी गेले नाही. वाचनालयात अजूनही गेलेले नाही. संध्याकाळी तो परत आला तेव्हा मी मुलीच्या कॉलेजचा फॉर्म भरत होते. पेन खाली ठेवलं.

"घेतलंस?"

"घेतलं. सगळं सांगितलं. कागद कसा फिरला, सही कुणी केली, नोकरी कशी गेली. कार्यवाह समोरच बसले होते."

"मग?"

तो चपला काढत होता. वर न बघता म्हणाला, "टाळ्या वाजवल्या."

"कशाला?"

"मी ते सांगितलं, त्याला. बराच वेळ वाजवत होते."

"आणि तू?"

"मी काय करणार? खाली बसलो."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. खाली बसलास कशाला, म्हणायचं होतं, टाळ्या थांबेपर्यंत उभा का राहिला नाहीस, विचारायचं होतं त्यांना, कशाला वाजवताय म्हणून. पण तो दमला होता. मी त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ग्रंथपालबाईंना फोन लावला. त्या खारघरला कॉलेजातच होत्या, मागे मुलींची कुजबुज चालू होती. मी त्यांना सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. सांगताना माझा आवाज चढत गेला.

त्या मग म्हणाल्या, "मंजी आयकला तरी त्यांनी."

माझं तेवढ्यावर समाधान झालं नाही. त्यांचं झालं की नाही, ते मला त्यांच्या आवाजावरून कळेना. मी विचारणार होते, पण तेवढ्यात कुणीतरी मुलगी त्यांच्याकडे एक पुस्तक मागायला आली, आणि त्यांनी फोन ठेवला.